नॉर्मल रेंज कोणाच्या रक्तावरून?

पंचवीस वर्षांचा, रोज जिमला जाणारा तरुण आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, जेमतेम बेचाळीस किलो वजनाच्या आजी अशी दोन माणसं डोळ्यांपुढे आणा. दोघांचंही रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, १.१ आलं. रिपोर्टवर शेजारच्या रकान्यात छापलंय ०.६ ते १.३. दोघांच्याही आकड्यापुढे 'एच' नाही, 'एल' नाही, ठळक अक्षरही नाही. घरच्यांनी रिपोर्ट फाइलला लावला आणि विषय संपला.

आता हाच १.१ वय आणि लिंग धरून सूत्रात घालून पाहू. मूत्रपिंडं मिनिटाला किती रक्त गाळतात याचा अंदाज देणारं 'सीकेडी-ईपीआय' नावाचं सूत्र आहे, त्याची २०२१ ची आवृत्ती आता अनेक ठिकाणी वापरतात. त्यात तरुणाचा आकडा येतो ९५ च्या आसपास आणि आजींचा ५१. हा आकडा तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला, तर जुनाट मूत्रपिंडविकार म्हणायचं, अशी प्रचलित व्याख्या आहे. म्हणजे एकाच छापील आकड्यात एक धडधाकट माणूस आहे आणि एक अशी बाई आहे, जिला गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारखं मूत्रपिंडांवर ताण आणणारं वेदनाशामक लिहून देताना डॉक्टरांनी दोनदा विचार करायला हवा.

याचं कारण साधं आहे. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमध्ये. स्नायू भरपूर तर क्रिएटिनिन जास्त, स्नायू आटले तर कमी. वयाबरोबर स्नायू आटतात आणि त्याच सुमारास मूत्रपिंडांची ताकदही उतरते. तयार होणारा माल कमी आणि बाहेर टाकणारी यंत्रणाही मंद, त्यामुळे रक्तातली पातळी जागच्या जागी राहते आणि रिपोर्ट गुळगुळीत दिसतो. बायकांमध्ये मुळातच स्नायू कमी असल्याने हे झाकलं जाणं जास्त. हे सगळं वैद्यकाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात असतं. तरीही गल्लीतल्या लॅबच्या रिपोर्टवर आजींना आणि त्या तरुणाला एकच रकाना मिळतो.

रिपोर्टवर सही करणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणून हे जरा ठासून लिहितोय. काउंटरवर आपण प्रत्येकाचं वय आणि लिंग विचारतो, ते रिपोर्टच्या डोक्यावर छापतोही. मग खाली रेंज देताना ते विसरून का जातो? माझ्या मते हा लॅबच्या सोयीचा आतला मामला नाही. ती रेंज कोणाच्या रक्तावरून ठरली, कोणत्या वयाच्या, बायकांच्या की पुरुषांच्या, हे जाणून घेण्याचा हक्क पैसे मोजून सुई टोचून घेणाऱ्या प्रत्येकाला आहे. आणि तसं छापण्याची सक्ती लॅबवर असायला हवी.

रेंज ठरते कशी, ते आधी पाहू. निरोगी म्हणता येतील अशी माणसं निवडायची, त्यांचं रक्त तपासायचं, आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के कापून टाकायचे. उरलेले मधले ९५ टक्के ही झाली रेंज. संदर्भमूल्यांची ही शिस्तशीर कल्पना फिनलंडच्या ग्रासबेक आणि सारिस यांनी १९६९ मध्ये मांडली. सर्वमान्य मार्गदर्शक सूचनेनुसार एका गटासाठी किमान १२० माणसं लागतात. बायका-पुरुष वेगळे काढायचे तर २४०, त्यात वयाचे चार टप्पे केले तर हजाराच्या घरात. इथेच गाडी अडते. एवढी निरोगी माणसं गोळा करणं कुठल्याही एका लॅबच्या खिशाबाहेरचं. त्यामुळे बहुतेक लॅब काय करतात, तर यंत्राबरोबर येणाऱ्या किटच्या माहितीपत्रकातली रेंज उतरवून घेतात. ती कंपनीने युरोप-अमेरिकेतल्या माणसांवर काढलेली असणं अगदी शक्य असतं. त्यातही माहितीपत्रकात बायका, पुरुष, मुलं असे वेगळे आकडे दिलेले असले, तरी सॉफ्टवेअरमध्ये भरताना कंटाळ्यापोटी एकच ओळ भरली जाते. हा कंटाळा मी फार जवळून पाहिला आहे.

या व्याख्येतच आणखी एक गंमत दडली आहे. ९५ टक्के म्हणजे दर वीस निरोगी माणसांत एक जण रेंजबाहेर असणारच, काहीही झालेलं नसताना. एकाच माणसाच्या एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर सगळ्या रेंजमध्ये येण्याची शक्यता ३६ टक्के. म्हणजे ठणठणीत माणसांपैकी जवळपास दोन-तृतीयांश जणांच्या हातात कुठेतरी ठळक अक्षर असलेला रिपोर्ट पडणार. प्रत्यक्षात तपासण्या एकमेकींशी थोड्याफार जोडलेल्या असतात, त्यामुळे आकडा इतका नेमका नसतो, पण अंदाज यावा. आता 'फुल बॉडी चेकअप'च्या सत्तर-ऐंशी तपासण्यांच्या पॅकेजचा विचार करा. न्यू जर्सीत बसलेला मुलगा ॲपवरून पुण्यातल्या आई-बाबांचं पॅकेज बुक करतो, संध्याकाळी त्याच्या व्हॉट्सॲपवर पीडीएफ येतं, त्यात सात ठिकाणी लाल रंग. रात्री फोन: "आई, तुझा ईएसआर ३६ आलाय, लगेच डॉक्टरांकडे जा." ईएसआर म्हणजे तांबड्या पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात त्याचं माप, शरीरात कुठे दाह आहे का याचा ढोबळ अंदाज देणारं. सत्तर वर्षांच्या बाईचा ईएसआर ३६ असू शकतो. वेस्टरग्रेन पद्धतीच्या या तपासणीचा जुना ठोकताळाच आहे: पुरुषाच्या वयाच्या निम्मं, आणि बाईच्या वयात दहा मिळवून त्याचं निम्मं. सत्तरीच्या बाईला चाळीसपर्यंत चालतं. पण रिपोर्टवर छापलेलं असतं ० ते २०. मग काळजी, मग आणखी तपासण्या, आणि त्या आणखी तपासण्यांमध्ये पुन्हा वीसात एक हा हिशेब सुरूच.

मुलांची तर आणखी तऱ्हा. उंची भराभर वाढत असलेल्या तेरा वर्षांच्या मुलाचं, लिव्हरच्या तपासण्यांत मोजलं जाणारं अल्कलाइन फॉस्फटेज चारशेच्या घरात असलं तर त्याची हाडं वाढताहेत एवढाच त्याचा अर्थ, कारण हे एन्झाइम वाढत्या हाडातूनही येतं. मोठ्यांची रेंज १३०-१४० ला संपते. त्या रेंजशी ताडून पाहिलं की मुलाला 'लिव्हरचा प्रॉब्लेम' निघतो आणि घरात वरण-भातावर दिवस काढायला सुरुवात होते. दोन वर्षांच्या बाळाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत लिम्फोसाइट हा प्रकार साठ टक्के असणं सर्वसाधारण आहे. चार-पाच वर्षांपर्यंत त्यांचंच राज्य असतं, पुढे न्यूट्रोफिल हा दुसरा प्रकार वरचढ होतो. मोठ्यांच्या रकान्यात घातलं की दोन्ही आकड्यांवर लाल खूण, एकावर वर आणि एकावर खाली. जन्मतः बाळाचं हिमोग्लोबिन मोठ्या पुरुषापेक्षाही जास्त असतं आणि दोन महिन्यांच्या सुमारास ते उतरून दहाच्या आसपास येतं, हे न सांगता रिपोर्ट आईच्या हातात दिला तर तिची झोप उडणारच. टोरांटोतल्या मुलांच्या रुग्णालयाने 'कॅलिपर' नावाचा प्रकल्प करून हजारो निरोगी मुलांच्या रक्तावरून वय आणि लिंगवार रेंज काढल्या आणि सगळ्यांना खुल्या केल्या. ज्यांना करायचं असतं ते करतात.

पण नुसती भीती आणि खर्च एवढ्यावर भागत नाही, औषधंही सुरू होतात. थायरॉइडचं उदाहरण घ्या. थायरॉइडला कामाला लावणाऱ्या टीएसएच या संप्रेरकाची वरची मर्यादा बहुतेक रिपोर्टांवर चार-साडेचारला असते. अमेरिकेतल्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीत थायरॉइडचा कुठलाही आजार नसलेल्या, ऐंशी ओलांडलेल्या लोकांची वरची मर्यादा साडेसातच्या आसपास निघाली. म्हणजे ८२ वर्षांच्या आजोबांचा टीएसएच ६.२ असेल आणि टी-फोर हे थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक नीट असेल, तर त्यांच्या वयाच्या मानाने ते रांगेतच आहेत. तरी गोळी सुरू होते, आणि एकदा सुरू झालेली थायरॉइडची गोळी आपल्याकडे सहसा कोणी बंद करत नाही. २०१७ मध्ये 'ट्रस्ट' या युरोपीय चाचणीत पासष्टीपुढच्या ७३७ जणांवर हेच पाहिलं गेलं. टीएसएच किंचित वाढलेल्यांपैकी निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना खोटी. वर्षभराने थकवा आणि बाकी लक्षणांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. गोळीचा डोस जास्त झाला तर मात्र म्हातारपणी हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका खरा आहे.

लघवीच्या तपासणीकडे कोणी फार मानाने पाहत नाही. शंभर-दीडशे रुपयांची तपासणी, प्लास्टिकची डबी, तीही पॅकेजमध्ये फुकट. पण वय आणि लिंगाचा खेळ इथे रक्तापेक्षाही उघडावाघडा दिसतो, म्हणून इथे जरा थांबू या.

बाईचा लघवीचा रिपोर्ट हातात घेतला की मी आधी पस सेल्स (पुवाच्या पेशी) पाहत नाही, एपिथेलियल सेल्स (त्वचेच्या आणि आतल्या अस्तराच्या पेशी) पाहतो. पस सेल्स '१० ते १२' आणि एपिथेलियल सेल्स 'मेनी' अशी जोडी असेल, तर त्या पेशी बहुतेक वेळा मूत्राशयातल्या नसून बाहेरच्या त्वचेवरून आणि योनीमार्गातून डबीत आलेल्या असतात. स्त्रीचा मूत्रमार्ग आखूड, आजूबाजूची रचना वेगळी, त्यामुळे नमुना बिघडण्याची शक्यता पुरुषापेक्षा कितीतरी जास्त. उपाय सोपा: जागा पाण्याने स्वच्छ करून, पहिली धार सोडून मधली धार घ्यायची. हे तोंडी सांगायला अर्धा मिनिट लागतं. किती कलेक्शन सेंटरमध्ये सांगतात? डबी हातात ठेवायची आणि 'बाथरूम तिकडे' म्हणून बोट दाखवायचं, एवढ्यावर काम उरकतं. पाळी सुरू आहे का, हेही विचारायचा संकोच. मग लघवीत 'आरबीसी', म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी, सापडतात आणि सोनोग्राफी लिहून दिली जाते. याच्या अगदी उलट टोकाला साठीचा, आयुष्यभर विडी-सिगारेट ओढलेला पुरुष. त्याच्या लघवीत वेदना नसताना आरबीसी दिसल्या, तर ते मूत्राशयाच्या कर्करोगाचं पहिलं चिन्ह असू शकतं आणि तिथे 'उन्हाळी लागली असेल, पाणी जास्त प्या' म्हणून चालत नाही. दोघांच्याही रिपोर्टवर तीच ओळ: आरबीसी, ८ ते १०. ओळ एकच, पण डोक्यावर छापलेल्या वय-लिंगाने तिचा अर्थ पार फिरतो.

लघवीतले जंतू वाढवून ओळखायच्या कल्चर तपासणीचंही तसंच. वयस्क बायकांच्या लघवीत कसलाही त्रास नसताना जंतू सापडणं फार सर्रास आहे. वृद्धाश्रमात राहणाऱ्या बायकांमध्ये हे प्रमाण चारात एक ते दोनात एक इतकं असल्याचं नोंदलं गेलं आहे. जळजळ नाही, ताप नाही, तर प्रतिजैविक देऊ नये, असं संसर्गतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. दिलं तर जंतू पुन्हा येतात आणि पुढच्या वेळी औषधाला दाद देत नाहीत. पण हाच रिपोर्ट गरोदर बाईचा असेल, तर त्रास नसला तरी औषध द्यायलाच हवं, कारण संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढण्याचा धोका मोठा असतो. 'ई. कोलाय (जंतूचं नाव), एक लाखाहून अधिक' एवढंच छापून लॅब मोकळी झाली, की आजींना पाच दिवसांची गोळी मिळते आणि गरोदर सुनेला 'त्रास नाही ना, मग राहू दे' असं ऐकावं लागतं. हे उलटंपालटं मी अतिशयोक्तीने लिहितोय असं कोणाला वाटेल. वाटू दे.

आता लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर. मधुमेह्यांमध्ये मूत्रपिंडाला धक्का पोचायला लागला का, हे ओळखायची ही चांगली तपासणी. मर्यादा सगळ्यांना एकच: ३०. समजा दिवसभरात दोघांच्याही लघवीतून अल्ब्युमिन गेलं २० मिलिग्रॅम. धिप्पाड पुरुष दिवसाला १.८ ग्रॅम क्रिएटिनिन बाहेर टाकतो, त्याचं गुणोत्तर आलं ११. आपल्या बेचाळीस किलोच्या आजी टाकतात जेमतेम अर्धा-पाऊण ग्रॅम. ०.६ धरलं तर त्यांचं आलं ३३, म्हणजे रेंजबाहेर. आटलेल्या त्याच स्नायूंनी रक्ताच्या रिपोर्टमध्ये आजींचा आजार लपवला आणि लघवीच्या रिपोर्टमध्ये नसलेला दाखवला. काही देशांत पुरुषांना आणि बायकांना या गुणोत्तराच्या वेगळ्या मर्यादा वापरल्या जात आल्या, त्या याच कारणाने.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग सोपं आहे, प्रत्येक वयाला आणि लिंगाला वेगळा रकाना द्या की झालं. एवढं सरळ असतं तर हा लेख इथे संपला असता. मला खरी भीती वाटते ती याच उपायाच्या आंधळ्या वापराची, कारण आपल्याकडे 'बाईमाणसाचं एवढंच असतं' आणि 'वय झालं की चालायचंच' ही दोन वाक्यं आधीच जिभेवर तयार असतात. वेगळ्या रेंजने त्यांना छापील आधार मिळायला नको.

लोहाचं पाहा. शरीरातला लोहाचा साठा सांगणाऱ्या फेरिटिनची खालची मर्यादा बऱ्याच रिपोर्टांवर पुरुषांना तिसाच्या आसपास आणि बायकांना दहा ते पंधरा असते. बायकांची कमी का? कारण पाळी येणाऱ्या 'निरोगी' बायकांचं रक्त गोळा केलं, तेव्हा त्यातल्या कितीतरी जणींचा लोहाचा साठा आधीच रिकामा होता. त्यांचे आकडे चढत्या क्रमाने लावले, टोकं कापली आणि जे उरलं त्याला नॉर्मल म्हटलं. कमतरता इतकी सार्वत्रिक की तीच मोजपट्टी झाली. केस गळतात, जिना चढताना धाप लागते, दिवसभर अंगात त्राण नसतं, असं सांगणाऱ्या बाईच्या हातात फेरिटिन १४ चा, एकही लाल खूण नसलेला रिपोर्ट पडतो आणि तिला सांगितलं जातं, "ताई, रिपोर्ट सगळा नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका." कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या लॅबनी २०२४ मध्ये मोठ्या माणसांसाठी ही मर्यादा बाई-पुरुष न पाहता ३० केली. म्हणजे लिंगवार रेंज काढून टाकणं हाच तिथे बायकांना न्याय होता. हिमोग्लोबिनची बायकांची मर्यादा कमी असण्यात पुरुषी संप्रेरकांचा खराखुरा वाटा आहे, कारण टेस्टोस्टेरॉन तांबड्या पेशी वाढवतं. फेरिटिनमधल्या फरकाचा मोठा भाग मात्र दर महिन्याला जाणाऱ्या आणि ताटातून भरून न निघणाऱ्या लोहाचा आहे. हे दोन फरक एकाच तराजूत घालता येत नाहीत.

हिमोग्लोबिनच्या मर्यादेवरूनही आपल्या देशात वाद पेटलेला आहे आणि तो केवळ डॉक्टरांचा नाही, सरकारी योजनांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पुरुषांना १३, बायकांना १२, गरोदरपणी ११ ही मर्यादा मुळात १९६८ ची. तीवर तोलून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका आणि पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. महाराष्ट्रात बायकांचं प्रमाण ५४ टक्के. २०२१ मध्ये सचदेव, कुरपाड आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये भारतातल्या निरोगी, पोषणाची कमतरता नसलेल्या मुलामुलींच्या रक्तावरून १ ते १९ वयाच्या नव्या मर्यादा काढल्या. त्या जुन्या मर्यादांपेक्षा बहुतेक वयांत एक ते दोन ग्रॅमने खाली निघाल्या. जुन्या मापाने ३० टक्के मुलं रक्तक्षयी होती, नव्या मापाने साधारण ११ टक्के. कागदावर वीस टक्के मुलांचा रक्तक्षय नाहीसा.

यात खरं कोण? या अभ्यासाचा एक गुण मला मोठा वाटतो. फेरिटिनच्या रेंजमध्ये जी चूक झाली ती टाळायला त्यांनी लोह, बी-१२, फोलेट कमी असलेली मुलं आधीच वगळली होती. त्यांनी रक्तही शिरेतून घेतलेलं होतं, बोटाला टोचून काढलेल्या थेंबावर विसंबले नाहीत. म्हणून त्यांचं म्हणणं झटकून टाकता येत नाही. पण तेवढ्यावर देशाची मर्यादा खाली आणायला मी तयार नाही. आपल्याकडे संसर्ग, जंत, निकृष्ट जेवण यांचा हात लागला नाही असं मूल शोधणं अवघड आणि मर्यादा उतरवली की पहिला परिणाम होईल तो अंगणवाडीतल्या लोहाच्या गोळ्यांच्या हिशेबावर. आकडा सुधारल्याचं श्रेय घ्यायला सगळेच पुढे येतील. मापच बदललं, हे मात्र तळटिपेत जाईल. या प्रश्नाचा निकाल फेरिटिनसारख्या साठ्याच्या तपासण्या सोबत करूनच लागू शकतो. एकट्या हिमोग्लोबिनवर भांडण्यात अर्थ नाही.

रक्तदान शिबिरात एक वेगळीच गोष्ट दिसते. तिथे बाई-पुरुष दोघांनाही एकच मर्यादा, १२.५. रिपोर्टमध्ये १२.२ ला 'नॉर्मल' ठरलेली कॉलेजची मुलगी शिबिरातून परत पाठवली जाते आणि मैत्रिणींत खजील होते. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर आहेत: एक तिचा आजार शोधतो, दुसरा तिच्या अंगातून साडेतीनशे मिलिलिटर रक्त काढणं परवडेल का ते पाहतो. आकड्यामागचा हेतू बदलला की मर्यादा बदलते, एवढं तरी रिपोर्टवर सांगायला काय हरकत आहे?

साखर आणि कोलेस्टेरॉलच्या मर्यादा याच जातीच्या. तिथे ९५ टक्क्यांचा हिशेब नसतोच. अमुक पातळीपुढे धोका वाढतो म्हणून ती रेघ मारलेली असते. वय वाढलं म्हणून लॅबने ती सैल करायची नाही. उपचार किती कडक करायचे हे डॉक्टर ठरवतील.

आता 'वयोमान'. ऐंशीच्या आजोबांचं हिमोग्लोबिन ११.४ आलं. घरचे म्हणतात, या वयात एवढं चालायचंच. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत पासष्टीपुढच्या साधारण दहातल्या एकाला रक्तक्षय आढळला आणि त्यातल्या दोन-तृतीयांश जणांत लोह-बी-१२ ची कमतरता, मूत्रपिंडविकार किंवा जुनाट दाह असं काहीतरी बोट दाखवता येण्याजोगं कारण सापडलं. पुरुषाला म्हातारपणी लोह कमी पडलं, तर आतड्यातून कुठे थेंबथेंब रक्त जातंय का हे पाहायलाच हवं, कारण मोठ्या आतड्याचा कर्करोग असाच गुपचूप सुरू होतो. वृद्धांसाठी हिमोग्लोबिनची वेगळी, सैल रेंज छापली, तर त्या आजोबांची कोलोनोस्कोपी (दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी) कधी होणारच नाही. थायरॉइडच्या बाबतीत वयाची सवलत योग्य आणि हिमोग्लोबिनच्या बाबतीत घातक, हा भेद तपासणीगणिक करावा लागतो. सुरुवातीच्या आजींच्या ५१ बद्दलही तज्ज्ञांत दुमत आहेच. पासष्टीनंतर ४५ पर्यंत आजार म्हणू नये, असं म्हणणारे मूत्रपिंडतज्ज्ञ आहेत. वादाला माझी ना नाही. पण वाद व्हायला आधी तो ५१ रिपोर्टवर दिसायला तरी हवा!

हृदयविकाराच्या झटक्यात ट्रोपोनिन, म्हणजे इजा झालेल्या हृदयाच्या स्नायूतून रक्तात येणारं प्रथिन, मोजतात. नव्या, अतिसंवेदनशील तपासणीत बायकांची मर्यादा पुरुषांच्या जवळपास निम्मी आहे. एका प्रचलित संचात बायकांना १६, पुरुषांना ३४. एकच सामाईक आकडा वापरला की ज्या बायकांची 'ॲसिडिटी' म्हणून बोळवण होते, त्यांतल्या काही जणींच्या हृदयाला इजा झालेली असते. इथे वेगळा रकाना हवाच. आणि संप्रेरकांचे उपचार घेणाऱ्या ट्रान्स व्यक्तींना आपले फॉर्म 'एम' किंवा 'एफ' यांपैकी एकात कोंबतात, तेव्हा कुठली रेंज लावायची याचा विचारही कोणी केलेला नसतो. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्याचं हिमोग्लोबिन काही महिन्यांत पुरुषांच्या रेंजमध्ये जातं, क्रिएटिनिनही सरकतं. फॉर्मवर एक जास्तीची ओळ आणि डॉक्टरांशी एक फोन, एवढ्याने बरंच साधेल.

मग करायचं काय? मागण्या फार मोठ्या नाहीत. क्रिएटिनिनच्या शेजारी वय-लिंग धरून काढलेला जीएफआर (आजींच्या ५१ सारखा मूत्रपिंडांच्या गाळण्याचा आकडा) प्रत्येक रिपोर्टवर फुकट छापायचा, ते नुसतं गणित आहे, एक थेंबही जास्त रक्त लागत नाही. रेंजच्या खाली एका ओळीत ती कुठून आली ते लिहायचं: किट कंपनीची, भारतीय अभ्यासातली की लॅबने स्वतः पडताळलेली. लहान मुलांना मोठ्यांची रेंज लावायची नाही. विश्वासार्ह रेंज नसेल तर रकाना कोरा ठेवायचा आणि तसं लिहायचं.

खर्चाचं रडगाणं मला माहीत आहे. १२० माणसांचा अभ्यास छोट्या लॅबला झेपणार नाही हे खरं, पण तो करायची गरजही नाही. दुसऱ्याने काढलेली रेंज आपल्या लोकांना लागू पडते का हे पाहायला वीस निरोगी माणसं पुरतात. त्यातली दोनपेक्षा जास्त रेंजबाहेर गेली नाहीत, तर रेंज स्वीकारायला हरकत नाही, अशी मान्य पद्धत आहे. वीस माणसं लॅबच्या इमारतीतच सापडतील. मोठे अभ्यास करायचं काम सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं. रोज हजारो नमुने त्यांच्याकडे येतात.

कायद्याच्या बाबतीत मात्र चित्र बरं नाही. एनएबीएल या लॅबना दर्जाची मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता ऐच्छिक आहे. ती ज्या आयएसओ १५१८९ मानकावर चालते, त्यात रेंजचा आधार नोंदवावा आणि तो लॅब ज्या लोकांना सेवा देते त्यांना साजेसा असावा, असं लिहिलेलंच आहे. पण मान्यता नसलेल्या लॅबना ते कोण विचारणार? दवाखाने आणि लॅब यांची नोंदणी व किमान दर्जा ठरवणारा २०१० चा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीतल्या पदव्युत्तर डॉक्टरचीच हवी असं स्पष्ट केलं, तरी स्कॅन केलेली सही दहा ठिकाणी चिकटवण्याचा धंदा उघड सुरू आहे. जिथे सही करणाराच जागेवर नाही, तिथे आजींचं वय पाहून रेंज कोण बदलणार? त्यामुळे राज्याने लॅबसाठी स्वतंत्र कायदा करायचा म्हटला, की त्यात यंत्रांची यादी आणि जागेचं क्षेत्रफळ याबरोबर रिपोर्टचा नमुनाही यायला हवा, वय-लिंगवार रेंज आणि तिच्या उगमाच्या ओळीसकट. आणि तोवर, पुढच्या वेळी डबी किंवा रिपोर्ट हातात घेताना काउंटरवर विचारून पाहा, "ही रेंज माझ्या वयाची आहे का?" पहिल्यांदा समोरचा मुलगा गोंधळेल. रोज दहा जणांनी विचारलं, की तो आत जाऊन डॉक्टरांना विचारेल, आणि डॉक्टरांना सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावावाच लागेल.